आदितालातली इटालियन क्रियापदं

१२ जुलै, शनिवार. सकाळी अकरा जणींच्या आवाजाच्या क्लिपा तपासायला बसले होते. शेजारी लाल पेन्सिल, समोर क्रियापदांची यादी. प्रत्येकीने तीच दहा क्रियापदं म्हणून फोनवर पाठवायची आणि मी चूक तिथे खूण करायची, असा आमचा शनिवारचा नेम आहे. कंटाळवाणं काम. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता होतं.

त्या दिवशी झालं नाही. पहिल्या क्लिपेत मागे ‘थप’ असा आवाज आला. दुसरीतही आला. मला वाटलं, कुणाच्या घरी कपडे आपटतायत. पाचव्या क्लिपेपर्यंत समजलं की अकरा घरी एकाच लयीत कपडे आपटले जात नाहीत. आणि अकराही जणींची चूक एकाच जागी होती. एकीची चूक ती तिची असते. अकरा जणींची तीच चूक म्हणजे ती कुणीतरी शिकवलेली असते. मी शिकवली नव्हती.

मी कुंभकोणमला नर्सना इटालियन शिकवते. इटलीतल्या हॉस्पिटलांना नर्स कमी पडतात, इकडे नर्स भरपूर आणि पगार किरकोळ, त्यामुळे माझा धंदा चालतो. आमचं घराणं तंजावरच्या राजवाड्यात कधीकाळी कारकुनी करत होतं. घरी आम्ही अजून त्या काळचं मराठी बोलतो. कॉलेजला पुण्यात गेले तेव्हा ते ऐकून वर्ग हसायचा, म्हणून मी त्यांचं मराठी शिकले आणि जोडीला इटालियन. पुढे चेन्नईत इटलीहून यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी होते. आईसाठी परत आले आणि सेतू रावांच्या संस्थेत लागले.

सेतू राव आमचे करस्पॉन्डंट. तमिळनाडूत शाळा-कॉलेजच्या मालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. ते कुणाशी काय पत्रव्यवहार करतात हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मेल मीच लिहिते. सेतू रावही आमच्यातलेच, घरी मराठी बोलणारे. पण ऑफिसात तमिळ, आणि समोर पालक असले की इंग्रजी.

मी त्यांना फोन लावला.

“सर, माझ्या बॅचला कोण शिकवतंय?”

“तुम्हीच, मिस.”

“आणि मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पंधरा दिवस तंजावरला होते तेव्हा?”

“अं, ते मेमरी सेशन. बॅच रिकामी कशी ठेवणार? तुम्ही बोर्ड बघितला नाही? काल लावला.”

मी स्कूटी काढली आणि बोर्ड बघायला गेले. कुंभकोणममध्ये फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. भांडीबाजारात आमच्या जिन्याच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स होता. त्यावर इटलीचा कलता मनोरा, एक मृदंग आणि हात जोडलेले सेतू राव, आकाराच्या चढत्या क्रमाने. खाली तमिळमध्ये लिहिलं होतं, ‘तालात शिका इटालियन. भारतात प्रथमच.’ भारतात प्रथमच होतं यात शंका नाही. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.

प्रकार असा होता. सेतू रावांचे मामा मृदंगम वाजवणारे. वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षं मोठमोठ्या गायकांच्या साथीला बसलेले. सेतू रावांनी त्यांच्या हातात क्रियापदांचा कागद दिला आणि सांगितलं, हे पोरींना पाठ होत नाही, तालात बसवा. मामांनी बसवलं. एका क्रियापदाची सहा रूपं असतात: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. आदिताल आठ मात्रांचा. एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं मोजायची, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. सहा मात्रांवर सहा रूपं, दोन मात्रा श्वासाला. झकास बसतं.

आता वाचकांसाठी थोडं धंद्यातलं. मराठीत किंवा तमिळमध्ये आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनाने टाकतो. इटालियनमध्ये प्रत्येक शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि ते अक्षर लांबतं. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. मी बोलतो, ‘पार्लो’, जोर ‘पार्’वर. आम्ही बोलतो, पार्-ल्या-मो, जोर मधल्या ‘ल्या’वर. तुम्ही बोलता, पार्-ला-ते, जोर मधल्या ‘ला’वर. आणि ते बोलतात, पार्-ला-नो. इथे मात्र जोर परत पहिल्या ‘पार्’वर. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला तो पुढे सरकतो, ‘ते’ला परत मूळ जागी येऊन बसतो. कागदावर हे दिसत नाही. इटालियन लोक जोराची खूण लिहीत नाहीत, फक्त शेवटच्या अक्षरावर जोर असला तरच लिहितात. त्यांना लागत नाही. आपल्याला लागते.

मामांनी कागद वाचला. पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. तिन्ही त्यांच्या कानाला एका घाटाची वाटली आणि त्यांनी तिन्हींचा ठोका मधल्या अक्षरावर टाकला. ऐकायला सुंदर. इटलीच्या वॉर्डात निरुपयोगी. नर्सने डॉक्टरला फोन करून ‘पेशंट तक्रार करतायत’ म्हणावं आणि जोर भलतीकडे पडला की पलीकडचा माणूस तीनदा ‘काय?’ विचारतो. तोवर पेशंट तक्रार करायचा थांबलेला असू शकतो.

इंटरव्ह्यू नऊ दिवसांवर होते. तिकडच्या हॉस्पिटलची मुख्य नर्स आणि एक अधिकारी व्हिडिओवर तोंडी घेणार होते.

मी वर जाऊन सेतू रावांना म्हटलं, “हे सगळं पुसून टाकायचं. आजपासून माझ्या पद्धतीने.”

“मिस, सेल्वीची क्लिप ऐकलीत?”

सेल्वी जवळच्या आडुतुरै गावची. वय एकतीस, नऊ वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली. सलाईनची सुई पहिल्या खेपेला लावणारी, पण क्रियापद तोंडात आलं की अडकणारी. पहिल्या इंटरव्ह्यूत ती नापास झाली होती. दोनच संधी मिळतात, दुसऱ्यांदा नापास झालं की नाव यादीतून जातं. त्यातच ‘कमिटमेंट दाखवायला पाहिजे’ असा सल्ला देऊन सेतू रावांनी तिला नोकरीचा राजीनामा द्यायला लावला होता. तिच्या जागी नर्सिंग होमने पंधरवड्यात दुसरी नर्स घेतली. म्हणजे सेल्वीला परतीची वाट नव्हती.

मी क्लिप ऐकली. दोन महिने मी जिच्याकडून सलग तीन रूपं म्हणवून घेऊ शकले नव्हते, तिने दहा क्रियापदांची साठ रूपं न अडखळता म्हटली होती. ‘ते’ची दहाही रूपं चुकीची. बाकीची पन्नास अचूक.

हे गिळायला मला जिना उतरून दुकानातली एक कॉफी लागली. ती संपवून मामांच्या घरी गेले.

मामा झोपाळ्यावर बसून पान लावत होते. मी अर्धा तास धरून बोलले. जोर म्हणजे काय, तो कुठे पडतो, का पडतो. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी पान तोंडात टाकलं.

“हें मज कोण्ही सांगितलें नाही,” ते म्हणाले. “मी त्यास पुसलें होतें, ह्यांत भारी अक्षर कोणतें? तो म्हणाला, सगळीं सारखीं, मामा. तमिळासारखीं.”

“तुम्ही मला विचारायचं होतं.”

“तूं तंजावरास होतीस. आणि माझा भाचा करस्पॉन्डंट आहे.” दुसरं वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो इथे लिहिता येत नाही. “वाच एकदां. जोर देऊन वाच.”

मी वाचलं. पार्-ला-नो. मामांनी झोपाळ्याच्या कडीवर बोट आपटलं.

“ही तर त-कि-ट. पहिल्यावर ठोका, दोन मागें धांवतात. पुढें?”

राहणे या क्रियापदाचं ‘ते राहतात’ रूप म्हणजे आ-बि-ता-नो. चार अक्षरं, जोर पहिल्यावर.

“त-क-दि-मि. पुढें?”

फोन करणे. ते-ले-फो-ना-नो. पाच अक्षरं आणि जोर दुसऱ्यावर. माझ्या निम्म्या विद्यार्थिनी इथे मरतात.

“मरायला काय झालें? पहिलें अक्षर ठोक्याच्या आधीं टाकायचें, दुसरें ठोक्यावर. आमच्या गाण्यांतलीं अर्धीं कीर्तनं अशींच उठतात.” मग कागदावर बोट ठेवलं. “आणि ह्या श्वास घेण्याच्या शब्दांत हा ‘स’ कोणाच्या घरचा? त्या पोरी ‘रेस-पि-रा-नो’ म्हणतात.”

“पुढच्या घरचा. रे-स्पि-रा-नो. जोर ‘स्पि’वर.”

“मग तसें लिही की, बाई. असल्या कागदावर कोण्ही मृदंगम वाजवेल काय?”

ही गोष्ट इटालियन व्याकरणाची पुस्तकं चार पानं घेऊन सांगतात. मामांनी पान चघळत संपवली. मी तिथेच बसून सगळी यादी पुन्हा लिहिली, अक्षरं तोडून, जोराच्या अक्षराखाली लाल रेघ मारून. त्यांनी तिसऱ्या प्रहरापर्यंत नवा ताल बसवून दिला. सोमवारपासून अकरा जणी तो घोकू लागल्या. मी रोज सराव इंटरव्ह्यू घेत होते. मान खाली, पेन्सिल हातात, कान शब्दांवर. चौथ्या दिवशी खुणा निम्म्यावर आल्या. सातव्या दिवशी सेल्वीच्या कागदावर दोनच होत्या. मी तिला म्हटलं, “जमलं.” तिने मान हलवली. आमच्याकडे मान हलवण्याचे अर्थ अनेक असतात. मी सोयीचा तो घेतला.

इंटरव्ह्यूचा दिवस उजाडला. नेट चांगलं म्हणून सेतू रावांच्या केबिनमध्ये कॅमेरा लावला. नियम कडक होते. उमेदवार एकटी, दार बंद, नजर स्क्रीनवर, दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत. पूर्वी कुठल्यातरी संस्थेत टेबलाखाली कागद सापडले होते, त्याचं हे फळ. दहा जणी आत जाऊन आल्या. शेवटी सेल्वी गेली. मी बाहेर प्लायवूडच्या पार्टिशनला कान लावून उभी.

नाव, गाव, अनुभव, सगळं नीट गेलं. मग मुख्य नर्सने विचारलं, रात्रपाळीत पेशंट काय काय मागतात, तुम्ही काय करता? म्हणजे ‘ते’ची रूपं. मला आतून थप ऐकू आलं. मग पुन्हा थप आणि सेल्वीचं वाक्य, अचूक, जोर जिथे पाहिजे तिथे. पुन्हा थप.

“थांबा,” पुरुषाचा आवाज. “तुम्ही बोटांनी कुणाला खुणा करताय? खोलीत कोण आहे?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर मी तिचं बोलणं ऐकत होते, तिचे हात पाहिलेच नव्हते. बाकीच्या दहा जणींचा ताल एव्हाना मनात उतरला होता, सेल्वीचा अजून हातातच होता. इथे कुणी कुणाचे पाहत नाही. कुंभकोणममध्ये माणसं देवळात मांडीवर ताल धरतात, बसस्टॉपवर धरतात, बँकेच्या रांगेत धरतात. पंखा फिरतो तसं ते आपल्याला दिसेनासं होतं. इटलीहून बघणाऱ्या माणसाला मात्र स्वच्छ दिसत होतं की उमेदवार प्रत्येक उत्तराआधी टेबलावर थाप मारते, एक, दोन, तीन अशी बोटं मोजते, हात उलटा करते आणि मग बरोबर उत्तर देते. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं.

सेल्वीने हात थांबवले. हातांबरोबर क्रियापदंही थांबली.

आणि मी काही करायच्या आत सेतू राव दार उघडून आत शिरले.

“सर! मॅडम! नो चीटिंग! धिस इज तालम! साउथ इंडियन कल्चर!” असं म्हणून त्यांनी टेबलावर स्वतः ताल धरून दाखवला. जोरात.

खोलीत कोण आहे, या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. स्क्रीन काळी झाली.

सेल्वी बाहेर आली. रडली नाही. पर्स उघडून बसचे सुटे पैसे काढून ठेवले आणि विचारलं, “मिस, नाव गेलं ना?”

“अजून नाही. बस.”

सेतू राव मागून म्हणाले, “मिस, टेन्शन नका घेऊ. अकरातली एक गेली तरी परसेंटेज चांगलंच राहतं.”

“सर, राजीनामा परसेंटेजने दिला नव्हता. तिने दिला होता.”

ते फोन आल्यासारखं करून गॅलरीत गेले.

मी मेल लिहायला बसले. काय झालं ते सरळ लिहिलं. की आमच्या गावात गाणं हाताने मोजतात, की क्रियापदं आम्हीच तिला तशी शिकवली, की आत शिरलेला मनुष्य संस्थेचा मालक असून त्याला इटालियनचं एक अक्षर येत नाही, त्यामुळे तो मदत करणं अशक्य आहे. पुन्हा इंटरव्ह्यू घ्या, दुसरा फोन खोलीच्या कोपऱ्यात लावते, त्यात दारासकट सगळी खोली दिसेल. सेतू राव गॅलरीतून परत आले आणि मागे उभे राहून म्हणाले, “पाच हजार वर्षांची परंपरा, असं एक घाला.” मी मेल पाठवून दिला.

तासाभरात उत्तर आलं. उद्या याच वेळी. शेवटची संधी. कोपऱ्यातला फोन हवाच. आणि हात स्थिर.

मी सेल्वीला स्कूटीवर मागे घातलं आणि मामांकडे नेलं.

“हात बांधले काय?” मामा म्हणाले. “मग पाय आहे की. व्हायोलिनवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तो ताल कोठें ठेवतो?”

“कुठे?” सेल्वीने विचारलं, तमिळमध्ये. मामांचं मराठी तिला कळत नव्हतं, पण पायाकडे दाखवलेलं बोट कळलं होतं.

“अंगठ्यांत.”

त्यांनी तिचे दोन्ही हात फळीवर पालथे ठेवायला लावले आणि प्रत्येकावर पाण्याने काठोकाठ भरलेली पितळी वाटी ठेवली. मी प्रश्न विचारायचे, तिने उत्तर द्यायचं, ताल पायाच्या अंगठ्याने. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या तीन वेळा साडी भिजली. चौथ्यांदा ‘ते मागतात’पर्यंत पोचली. मामा आत ओरडले, “आणखी पाणी आणा गे!” त्यांच्या सूनबाईंनी कळशीच आणून ठेवली आणि म्हणाल्या, “ह्या घरीं शिकायला आलेला कोरडा परतत नाही.” मी ते तमिळमध्ये सांगितल्यावर सेल्वी त्या दिवसात पहिल्यांदा हसली आणि पुन्हा सांडलं. दिवेलागणीच्या आत मात्र लागोपाठ सहा प्रश्न झाले आणि पाणी हललंही नाही. यावेळी मी कागद बाजूला ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सेतू रावांना मी खाली जनरेटरपाशी उभं केलं. “वीज गेली तर तुम्हीच वाचवाल, सर.” जबाबदारीचं काम मिळाल्यामुळे ते खूश होते. वीज काही गेली नाही. सेल्वी आत बावीस मिनिटं होती. पार्टिशनमधून एकदाही थप आलं नाही. ती बोलत होती, सावकाश, जोर धरून. एकदा अडली, थांबली, आणि मग पुढे गेली. बाहेर आली तेव्हा तिने सगळ्यात आधी चप्पल काढून उजवा अंगठा चोळला.

निकाल चार दिवसांनी आला. अकरातल्या नऊ पास, सेल्वी त्यांत. नापास झालेल्या दोघींची पहिलीच वेळ होती, त्यांना आणखी एक संधी आहे. प्रत्येकीच्या नावापुढे मुख्य नर्सचा शेरा होता. सेल्वीपुढे लिहिलं होतं: ‘उच्चार स्पष्ट. बसण्यात हालचाल फारच कमी. वॉर्डात काम करताना थोडा मोकळेपणा यावा.’ मी तिला ते इटालियनमधून तमिळमध्ये, तमिळमधून पुन्हा इटालियनमध्ये, असं तीनदा वाचून दाखवलं. तिला प्रत्येक वेळी ते पुन्हा ऐकायचं होतं.

संध्याकाळपर्यंत नवा फ्लेक्स लागला. आता पंधरा फुटी. सेल्वीचा फोटो, मनोरा, सेतू राव, आणि ‘आमची स्वतःची शास्त्रीय ताल-पद्धत’. मामांचा फोटो नव्हता. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “बरें झालें. त्यानें माझ्या पानाचा चुना वेळेवर पाठवावा म्हणजे पुरें.”

या सगळ्यातून मी दोन गोष्टी शिकले, दोन्ही साध्या. ज्याला काम सांगायचं त्याला कागद पूर्ण द्यावा. आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्याकडे बघावं, यादीकडे नाही. माझ्यासारख्या बाईला हे पन्नाशीत कळावं हे काही भूषणाचं नाही, पण सेतू रावांना तेही कळलेलं नाही, एवढं समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी नवी बॅच आठला सुरू होणार होती. मी पावणेसातला मामांच्या घरी गेले, भूतकाळाच्या क्रियापदांची यादी, अक्षरं तोडलेली आणि रेघा मारलेली, त्यांच्या हातात दिली. मग वर्गात जाऊन माझी खुर्ची फळ्याजवळून उचलली आणि समोर बसणाऱ्या प्रत्येकीचे हात आणि पाय दिसतील अशा जागी मांडली.